जांभळ्या रेषेचा कल

आमच्या प्रयोगशाळेत जे घडतं ते एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात संपतं, आणि ते बघायला आम्हाला दोन दिवस लागतात. नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे प्रश्न कमी होतात.

मी गडचिरोलीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. जन्म गोंडपिपरीचा, शिक्षण बाहेर, नोकरी इथं. ग्रंथालयामागच्या खोलीत आमचं यंत्र आहे. कमरेएवढ्या उंचीचं स्टीलचं पिंप, आत मधोमध तांब्याचा उभा दांडा, दांड्याच्या बुडाशी काचेची नळी, आणि पिंपाखाली वीज साठवणाऱ्या पेट्या. पिंपातली हवा पंपानं काढून टाकायची, थोडा हायड्रोजन सोडायचा, आणि साठवलेली सगळी वीज एका झटक्यात दांड्यात सोडायची. वायू इतका तापतो की त्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. त्यातून वाहणारा प्रवाहच मग त्याला चहूबाजूंनी आत दाबतो, आणि दांड्याच्या टोकाशी तो प्लाझ्मा स्वतःवरच कोसळतो.

सूर्यात हायड्रोजनची अणुकेंद्रं एकमेकांत मिसळतात आणि त्यातून ऊर्जा निघते. तशी ऊर्जा जमिनीवर काढायची तर वायू असाच तापवून दाबून धरावा लागतो. मोठ्या संस्थांमध्ये त्यासाठी इमारतीएवढी यंत्रं आहेत. आमच्या यंत्रातून ऊर्जा निघत नाही, उलट वीज जाते. पण कोसळणं त्याच जातीचं आहे, आणि त्याचा अभ्यास कमी खर्चात होतो.

आत थर्मामीटर घालता येत नाही, घातला तर उरत नाही. म्हणून उजेड वाचायचा. पिंपाच्या झाकणात, दांड्याच्या बरोबर वर, एक काचेची खिडकी आहे. तिथून आलेला उजेड एका पेटीत जातो. पेटी त्याचे रंग वेगळे करते आणि त्यातला एकच बारीक काप बाहेर सोडते. कोणता काप सोडायचा ते पेटीच्या बाजूच्या चाकानं ठरवायचं. प्रत्येक मूलद्रव्याचा उजेड ठरावीक जागी बारीक रेषांसारखा पडतो. प्लाझ्मात गर्दी जास्त असेल तर रेषा रुंद होते. उजेड देणारी वस्तू आपल्याकडं येत असेल तर रेषा जराशी जांभळ्याकडं सरकते, दूर जात असेल तर तांबड्याकडं. समोरून येणाऱ्या एसटीचा हॉर्न बारीक लागतो आणि गाडी पुढं गेली की जाड होतो, तोच प्रकार.

सगळी रेषा एका झटक्यात टिपणारा कॅमेरा आमच्याकडं नाही. म्हणून एक शॉट मारायचा, एका कापाचा उजेड मोजायचा, चाक एक खूण पुढं करायचं, पुन्हा पेट्या भरायच्या, पुन्हा शॉट. एका रेषेला चाळीस शॉट. चाकात थोडी ढिलाई आहे, म्हणून ते नेहमी एकाच दिशेनं, जांभळ्याकडून तांबड्याकडं फिरवायचं, हा माझा नियम. दुसरा नियम असा की जे घडलं ते वहीत लिहायचं. पंपाचा आवाज बदलला, कुणी दार उघडलं, दिवे मंद झाले, सगळं.

तिसरा नियम खर्र्याचा. आमच्या भागात हे वेगळं सांगायला नको. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटलेला खर्रा इथं सकाळी चहाच्या आधी सुरू होतो. आमचे प्रयोगशाळा सहायकही त्यातलेच. त्यांना सगळे भाऊ म्हणतात, मीही. गावात त्यांच्या भावांचं लेथचं दुकान आहे, आजोबा भांड्यांना कलई करायचे. पिंपाची झाकणं, दांडे, सगळं भाऊंनी स्वतः तासलेलं आहे. शुक्रवारी दुपारी ते नमाजला जातात, तेवढा वेळ शॉट बंद. हाताचं काम इतकं नेटकं, आणि त्याच हातानं खर्रा. चुन्यात कॅल्शियम असतं आणि कॅल्शियम अगदी कणभर असलं तरी जांभळ्या टोकाला लख्ख रेषा देतं. म्हणून खर्रा दाराबाहेर. भाऊ पन्नी आणि चुन्याची डबी बाहेरच्या खिडकीत ठेवतात आणि तासातासानं पंपाला हवा लागते का बघायला म्हणून बाहेर जातात.

त्या वर्षी माझ्याकडं पीएच.डी. करणारी एक मुलगी होती. अहेरीच्या पलीकडच्या जंगलातलं गाव, घरी माडिया बोलतात, थोडी धानाची शेती, बाकी जंगलातून वेचलेली मोहफुलं आणि तेंदूची पानं. हुशार होती, पण हुशार पुष्कळ असतात. ही चाळिसावा शॉट पहिल्यासारखाच मारायची. म्हणून मी तिला घेतलं.

तिनं कुणाला न सांगता वनरक्षकाची परीक्षा दिली होती. तीन किलोमीटर धावण्याची चाचणीही झाली. ऑक्टोबरमध्ये तिचा नेमणुकीचा कागद आला. महिन्याभरानंतरच्या एका सोमवारी पाच वाजेपर्यंत हजर व्हायचं, नाही तर निवड रद्द. तिनं मला विचारलं तेव्हा मी एका वाक्यात सांगितलं की जा. तिची शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपणार होती आणि प्रबंधात दाखवण्यासारखं काही हाती नव्हतं. कायमची सरकारी नोकरी पुन्हा कधी मिळेल, ते मला तरी माहीत नव्हतं.

"चार दिवस थांबते मॅडम," ती म्हणाली. "हातातली रेघ पुरी करते."

त्या चार दिवसांत दुसरीच रेघ निघाली, जांभळ्या टोकाची. त्याच आठवड्यात आम्ही नवा दांडा बसवला होता आणि त्यानंतरच्या पहिल्याच दोन दिवसांत तिनं ती मोजली. खरं तर ती हायड्रोजनच्या रेषा मोजायला बसली होती, पण सहज चाक जांभळ्या टोकापर्यंत मागं नेऊन बघितलं तर कॅल्शियम. मी सरळ भाऊंकडं गेले.

"हात दाखवा."

"मॅडम, आईच्यान, मी हातच नाई लावला आतमंधी." त्यांनी दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले. "दांडा तं तुमीच बसवला. आठवा. मी खालून बोल्ट आवळून राह्यलो होतो, तेही हातमोजे घालून."

खरं होतं. दांडा मीच बसवला होता आणि मी खर्रा खात नाही. तेव्हा चुन्याचा विषय तिथंच मिटला. मग कॅल्शियम आलं कुठून? त्या मुलीनं उत्तर काढलं. दांड्याच्या बुडाशी जी काचेची नळी आहे, त्या काचेत कॅल्शियम असतं. सुरुवातीच्या ठिणगीनं काचेचा पृष्ठभाग उडतो आणि कोसळणाऱ्या प्लाझ्माबरोबर टोकापर्यंत ओढला जातो. असा परका माल उजेड फेकून प्लाझ्माची उष्णता घालवतो, म्हणजे लहान यंत्रांत प्लाझ्मा लवकर थंड का होतो याचं एक कारण सापडतं.

शिवाय रेषेच्या दोन बाजू सारख्या नव्हत्या. चाळीस कापांचे आकडे कागदावर मांडले की टेकडीसारखा आकार होतो; तिची टेकडी जांभळ्या बाजूला फुगलेली होती.

"हे पाहा ना मॅडम. इकडं झुकून राह्यली," ती म्हणाली. "म्हणजे माल खिडकीकडं येऊन राह्यला. आपल्याकडं."

तिनं वेग काढला. तो अशा प्लाझ्मातून निघणाऱ्या झोतांच्या वेगात बसत होता. तिनं सगळं दोन पानांत लिहून एका मोठ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांना पाठवलं. त्यांनी व्हिडिओवर अर्धा तास प्रश्न विचारले आणि म्हणाले, एक वर्ष आमच्याकडं या, आमच्या कॅमेऱ्यावर हेच करून बघू. एकदाच घेतलेलं मोजमाप म्हणजे मोजमाप नव्हे, असं मी दर वर्षी पहिल्या तासाला शिकवते. त्या दिवशी ते माझ्या तोंडून निघालं नाही. पंपाचं तेल बदलायचं होतं, मग परीक्षा आल्या, असं कारण होतं. पण खरं सांगायचं तर अकरा वर्षं त्या पिंपाला घासून पुसून पहिल्यांदा त्यातून बाहेर सांगण्यासारखं काही निघालं होतं.

ती म्हणाली की वनरक्षकाची नोकरी ती नाकारणार. पत्र शनिवारी टाकणार होती. मी यावेळी 'जा' म्हटलं नाही.

हजर व्हायच्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी तिचे वडील आले. पहाटेच्या एसटीनं निघाले होते. खोलीच्या दारात चपला काढल्या, मी नको म्हटलं तरी काढल्या.

"बाई, मी विचाराले आलो," ते म्हणाले. "पोरगी म्हणते, नोकरी नाई करत. उजेडात काई तरी भेटलं म्हणते. हे खरं हाय का?"

"खरं आहे."

"पक्कं?"

"पक्कं," मी म्हटलं.

त्यांना यंत्र बघायचं होतं. मुलीनं पेट्या भरल्या, भाऊंनी सगळ्यांना जाळीच्या मागं उभं केलं, आणि शॉट मारला. लाकडावर कुऱ्हाड बसल्यासारखा आवाज झाला.

वडील थोडा वेळ थांबले. "आता?"

"झालं," ती म्हणाली.

"झालं?"

"हो बाबा. एवढंच असते."

ते तिला माडियात काही तरी म्हणाले आणि ती तोंड दाबून हसायला लागली. मी काय म्हणून विचारलं.

"म्हणतात, याच्यापेक्षा फटाका बरा. त्यात पोरं तरी नाचतात."

ते वर बघत होते. छताजवळच्या झरोक्यात गांधीलमाश्यांचं पोळं होतं, मुठीएवढं. "इथी हे काऊन ठेवलं? धूर करा न. चावन कोनाले."

"चावून झाली काका!" भाऊंना विषय मिळाला. "मॅडमलेच चावली. ह्या बोटाले. असं फुगलं बोट, लिंबाएवढं. अन् मंग पाहा मजा. सालभर मले सांगते, भाऊ खर्रा बाहेर, भाऊ चुना बाहेर. त्या दिवशी मलेच म्हणते, भाऊ, डबी द्या जरा. माह्याच डबीतला चुना घेतला अन् बोटाले थापला. खर्रा बंद, चुना चालू!"

सगळे हसले. मीही हसले. गांधीलमाशी चावली की चुना लावायचा, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. त्यासाठी कुणी विचार करत नाही, हात आपोआप डबीकडं जातो.

मग मी भाऊंना विचारलं, "कधी चावली होती मला?"

"तेच नाई का, नवा दांडा बसवला तवा. तुमचं बोट हातमोज्यात जाऊनच नोहतं राह्यलं."

मी वही उघडली. माझ्याच अक्षरात होतं: नवा दांडा बसवला. ॲसिटोननं पुसला. गळती नाही. गांधीलमाशी नाही, बोट नाही, चुना नाही, हातमोजा घातला नाही हेही नाही. मला सगळं नीट आठवलं. चुना मी थोड्या वेळानं पुसून टाकला होता, रुमालानं. मग दांडा ॲसिटोननं पुसला. आणि तो सरळ उभा आहे का हे बघताना त्याचं टोक याच उजव्या तर्जनीनं दाबून धरलं होतं.

पुढचं समजायला मला अर्धा मिनिट लागलं असेल. दांड्याच्या टोकावर चुन्याचा पातळ थर. प्रत्येक शॉटला त्यातला थोडा जळतो. मोजणी जांभळ्या बाजूनं सुरू झाली तेव्हा चुना सगळ्यात जास्त होता, तांबड्या बाजूला पोचेपर्यंत बराचसा संपला होता. मग टेकडी जांभळ्या बाजूलाच फुगणार. आपल्याकडं काहीच येत नसेल तरी.

मी तिच्या वडिलांना म्हटलं, "मघाशी मी पक्कं म्हणाले, ते मागं घेते. मला उद्याचा दिवस द्या."

त्यांनी मुलीकडं बघितलं. "सोमवारी पाचच्या आत पोचाव लागते, बाई."

"माहीत आहे. रविवारी सकाळी तुम्ही दोघं गाडीत बसाल, जायचं ठरलं तर."

मुलीला मी कारण सांगितलं. तिला एकदाच सांगावं लागलं. तिनं वही ओढून घेतली आणि ती ओळ वाचली.

"चावली ते चावली," ती म्हणाली. "लिहिलं काऊन नाई?"

"लक्षात आलं नाही."

"मी पेन्सिल खाली पाडली तं तुमी मले लिवाले लावता, मॅडम."



शनिवारी आम्ही सातला आलो. तांब्याचा आणखी एक कोरा दांडा भाऊंकडं तासून तयार होता. ते दारात उभे राहिले आणि डबी पुढं केली. "आज परवानगी हाय ना मॅडम? मंग उद्या म्हणान, भाऊनं आत नेला."

"द्या इकडं."

मी त्याच बोटाला चुना लावला, तेवढाच वेळ ठेवला, रुमालानं पुसला. दांडा ॲसिटोननं पुसून बसवला आणि टोक त्याच बोटानं दाबलं. या वेळी वहीत सगळं लिहिलं, बोट कोणतं तेही. पंपाला हवा काढायला साडेनऊ झाले.

मोजणी तांबड्या बाजूनं सुरू करायची होती. चाकाच्या ढिलाईमुळं ते उलटं फिरवून चालत नाही, म्हणून दर शॉटला चाक हव्या त्या खुणेच्या बरंच मागं न्यायचं आणि पुन्हा पुढं आणून खुणेवर थांबवायचं. वेळ दीडपट लागतो, पण एरवी ती एकटी दोन दिवसांत करते ते आज तिघं मिळून एका दिवसात उरकणार होतो. चाक तिच्याकडं, शॉट माझ्याकडं, पंप आणि वायू भाऊंकडं. तिचे वडील बाहेर ओट्यावर बसले होते. दर शॉटला ते एक खडा शेजारी ठेवत होते, ते मला दुपारी कळलं, कारण डबा खाताना त्यांनी सांगितलं, "एकोणीस झाले."

काय निघणार हे तोपर्यंत दिसायला लागलं होतं. ती प्रत्येक आकडा पेन्सिलनं कागदावर टिपत होती आणि टेकडी तांबड्या बाजूला फुगत चालली होती. तिसाव्या शॉटनंतर भाऊ हळूच म्हणाले, "झालं नं आता मॅडम? कळलं तं खरं."

"चाळीस," ती म्हणाली. चाकावरून नजर न काढता.

चाळीस झाले तेव्हा सहा वाजत आले होते. तिनं महिन्यापूर्वीचा कागद आणि आजचा कागद एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरले. एक टेकडी डावीकडं झुकलेली, एक उजवीकडं. मधे आरसा धरावा तशा.

"उलटी झाली," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे आपल्याकडं काई येऊनच नोहतं राह्यलं."

"नाही. चुना जळत होता, एवढंच. काचेतून कॅल्शियम येतं की नाही हेही यातून कळत नाही. कदाचित येत असेल. आपल्याला दिसलं ते माझ्या बोटाचं."

भाऊ म्हणाले, "मी तं म्हटलंच होतं, माह्या हातानं नाई झालं." मग त्यांना वाटलं असावं की ही वेळ नाही. ते पंप बंद करायला गेले आणि गरजेपेक्षा जास्त वेळ तिथंच राहिले.

ती स्टुलावर बसली. "तुमी तं आधीच म्हटलं होतं, जा म्हणून. झालं तुमच्या मनासारखं."

"माझ्या मनासारखं झालं नाही," मी म्हटलं. "मलाही ते खरं असायला हवं होतं. म्हणूनच पुन्हा मोजायला लावलं नाही. चूक माझी आहे. त्या शास्त्रज्ञांना मी लिहिते."

"नाई. माह्या नावानं गेलं होतं, मीच लिवते."

तिनं तिथंच बसून लिहिलं. चार ओळी. कारण स्पष्ट होतं: दांड्यावर चुन्याचा अंश होता, मोजणीचा क्रम उलटवल्यावर कलही उलटला, आधीचा निष्कर्ष मागे घेत आहोत. चुना कुणाच्या बोटाचा होता हे तिनं लिहिलं नव्हतं. मी ते वाक्य घालायला लावलं. उत्तर तासाभरात आलं, कळवल्याबद्दल आभार, इतकंच. वर्षभराच्या बोलावण्याचा उल्लेख नव्हता आणि तिनंही त्याबद्दल विचारलं नाही.

आवरताना ती म्हणाली, "पण मॅडम, चुना टोकाले होता, म्हणून टोकाचाच उजेड आला ना?"

"हो."

"बुडाले लावला असता तं बुडाचा आला असता. मधात लावला तं मधातला. आपण आपल्याच हातानं, जिथचं पाहाचं तिथी लावू शकतो."

"लावतात," मी म्हटलं. "मोठ्या ठिकाणी असं मुद्दाम करतात. हवं ते मूलद्रव्य हव्या त्या जागी किंचित ठेवायचं, म्हणजे उजेड नेमका कुठून आला ते कळतं. मी वाचलेलं आहे. आपल्याकडं करावं असं कधी सुचलं नाही."

"मंग करा ना."

"तू कर."

"मी सोमवारी हजर होऊन राह्यली," ती म्हणाली.

बाहेर तिच्या वडिलांनी खडे गोळा करून ओट्याखाली टाकले आणि चपला घातल्या. मला त्यांनी काय झालं म्हणून विचारलं नाही. मुलीचं तोंड बघून त्यांना कळलं असणार. मीच सांगितलं, "तिची चूक नव्हती. माझी होती."

"गांधीलमाशीची," ते म्हणाले.

रविवारी सकाळी दोघं गेली. सोमवारी तीन वाजता तिचा फोनवर निरोप आला: हजर झाली. मी 'बरं' एवढंच कळवलं. 

मी तिची पीएच.डी.ची नोंदणी रद्द होऊ दिली नाही. अर्धवेळ करून घेतली, त्यासाठी तिच्या साहेबांचं ना हरकत पत्र लागलं आणि ते मिळवायला मला दोनदा अहेरीला जावं लागलं. पोळं भाऊंनी धूर करून काढलं. वहीत आता एक नवा रकाना आहे: हाताला काय लागलं आहे. तो सगळ्यांनी भरायचा, मीसुद्धा. पहिल्या आठवड्यात भाऊंनी तिथं रोज 'काही नाही' लिहिलं आणि नंतर एका गुरुवारी 'चुना, पण धुतला' असं लिहिलं. ते मी प्रगती म्हणून मोजते.

मे महिन्यात ती पाच दिवसांच्या रजेवर आली. खाकी कपड्यांतच आली, रंग आणखी सावळा झाला होता. भाऊंनी तिला कडक सलाम ठोकला. "या साहेब. खर्रा जप्त कराले आले का?"

"कुठी हाय दाखवा."

"बाहेर, बाहेर. खिडकीत."

चहा घेताना तिनं सांगितलं की त्यांच्याकडं जंगलात ठरावीक वाटेनं सकाळी चालून चितळ, नीलगाय, रानडुक्कर मोजावे लागतात. वाट दोन किलोमीटरची, रोज एकाच टोकाकडून सुरू करायची. पहिल्या आठवड्यात सगळी जनावरं वाटेच्या सुरुवातीलाच जास्त दिसायची, शेवटी कमी. सोबतचे जुने वनरक्षक म्हणाले, तिकडं पाणी आहे, म्हणून. तिनं आपल्या साहेबांना विचारून एक आठवडा उलट्या टोकाकडून चालून बघितलं.

"मग?" मी विचारलं.

"तरी तिथीच जास्त. पाणीच हाय." ती हसली. "साहेब म्हणाले, सांगितलं होतं ना. मी म्हटलं, हो, पण आता पक्कं झालं."

मग तिनं कप विसळून ठेवला आणि कोरा दांडा मागितला. कागदावर तिनं आधीच आकृती काढून आणली होती: टोकापासून तीन वेगवेगळ्या जागा, प्रत्येक जागी चुन्याचा एक ठिपका, प्रत्येक रेषा दोन्ही बाजूंनी. पाच दिवसांत एकच जागा पुरी होईल, असं मी म्हटलं. ती म्हणाली, बाकीच्या दोन दिवाळीच्या रजेत. तिनं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, वहीत तसं लिहिलं, आणि माझ्या हाताकडं बघून वही माझ्यापुढं सरकवली.